खिळ्यावरचं लोखंड

तबेल्यातले लोक त्याला कडीकाका म्हणत. कुठल्या घोड्याच्या तोंडात लगामाची कोणती कडी बसवायची, हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. बाराव्या वर्षी तो चामड्याच्या कारखान्यात टाके घालायला बसला, अठराव्या वर्षी मोतद्दार झाला आणि पुढची पंचेचाळीस वर्षं घोड्यांच्या लाळेत हात भिजवत काढली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "इथे रोज लाथा मिळतात, आणखी कशाला?"

खोगिरांच्या खोलीत त्याच्या कड्या एका फळीवर जाडीप्रमाणे मांडलेल्या असत. एकच कडी वेगळी, दाराजवळच्या खिळ्यावर. तिला दोन्ही बाजूंना लांब दांड्या आणि हनुवटीखालून जाणारी साखळी. लगाम बोटभर ओढला की दांडी फिरायची आणि साखळी जबडा आवळायची. एकोणीस वर्षं ती कुठल्याच घोड्याच्या तोंडात गेली नव्हती. तरी दर सोमवारी तो तिचा गंज पुसायचा.

ती वाजायची. खिडकी बंद, वारा नाही, हा तिच्याकडे पाठ करून पट्टा शिवतोय, आणि मागून घोडा लोखंड चावतो तसा आवाज. कर्र. मग साखळीची बारीक किण. वळून पाहावं तर कडी जागच्या जागी. त्याने खिळा बदलला, कडीमागे फडकं लावलं. आवाज यायचा तो येतच राहिला.

एका सकाळी पुतणी दारात उभी राहिली. धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. याच तबेल्यात घोडेस्वारी शिकून मोठी झालेली.

"काका, ओढतोय हो फार."

त्याची सुई चामड्यातच थांबली.

"कोण?"

"ढकल्या. दुसरं कोण? खांदे उतरले माझे."

ढकल्या म्हणजे रुंद छातीचा, बैलासारख्या मानेचा घोडा. उड्या मारायला लावून झालं होतं. आता त्याला ड्रेसाज शिकवायचं होतं. म्हणजे मोजलेल्या चौकोनात, आखलेल्या वाटेवर, सवाराच्या बोटांच्या इशाऱ्यावर शांतपणे चालायचं. ढकल्याला शांतपणा एवढाच ठाऊक होता, की तो खाताना बोलत नसे.

"मास्तर म्हणाले, दांडग्या घोड्याला दांडगं लोखंड. ती खिळ्यावरची द्या ना. सुरुवातीच्या स्पर्धेत साधीच कडी लागते, माहितीये मला. पण महिनाभर सरावापुरती."

"ती नाही."

"का?"

"मोडकी आहे."

"मोडकी कडी दर सोमवारी पुसता?"

त्याने पट्टा खाली ठेवला. सुतळी उचलली आणि बाहेर पडला. "आधी तोंड बघू."

"तोंड काय बघायचं? आहे की चांगलं हातभर."

ढकल्याच्या ठाणात त्याने सुतळी घोड्याच्या तोंडातून आडवी नेली, दोन्ही ओठांपाशी गाठी मारल्या आणि पट्टीवर मोजली. दोन्हीकडे पाव इंच जास्त धरला. मग पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत दोन बोटं एकावर एक घातली. बोटं चेपली.

"जीभ जाड, टाळू खाली. आत जागाच नाही. आता काय घातलंय?"

"जाडी. जाडी कडी मऊ लागते म्हणतात ना?"

"म्हणणाऱ्यांच्या तोंडात घालून बघायला हवी."

पुतणी हसली. त्याने बोट वर सरकवलं, हिरडीवरून, पहिल्या दाढेपर्यंत. दाढेच्या अलीकडे काहीतरी टोचलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. ढकल्याने मान झटकली, आणि मागे, पंधरा पावलांवरच्या खोलीत, कडी वाजली. कर्र.

"काका? घाम आलाय तुम्हाला."

तो गवताच्या गठ्ठ्यावर बसला.

"तुझा बाप असाच दारात उभा राहिला होता. म्हणाला, दादा, ओढतोय रे फार. त्या सकाळी मला अकरा घोडे तयार करायचे होते. मी ती खिळ्यावरची कडी काढली, घोड्याला चढवली आणि त्याला पाठवलं. तोंडात बोट घातलं नाही. त्याने लगाम ओढला, घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि पाठीवर पडला. तुझा बाप खाली."

"घोडा माथेफिरू होता. सगळे तेच सांगतात."

"मीही तेच सांगितलं. घोड्याला गोळी घातल्यावर कडी मीच काढली. दाढेपुढे असाच एक फालतू दात होता. लोखंड त्यावर आपटायचं म्हणून तो ओढायचा. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला."

ढकल्या गवत चावत होता.

"बोट घालायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"अर्धं मिनिट. तेवढाही नाही."

"आईला माहितीये?"

"नाही."

तिने बाही वर सारली. "कुठे आहे, दाखवा."

त्याने तिचं बोट धरून जागेवर नेलं. तिला तो दात लागला. तिने हात काढून पँटला पुसला आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली.

डॉक्टरने दात काढला. तीन आठवडे तोंडात लोखंड नाही. मग कडीकाकाने फळीवरची एक बारीक कडी दिली. तीन तुकड्यांची, मधला तुकडा जिभेवर सपाट बसणारा. ढकल्या दांडगाच राहिला, पण पुतणीने मुठी मिटल्या की मान ताठ न करता थांबू लागला. आखलेल्या वाटेवर एक अख्खी फेरी त्याने ढकलाढकल न करता पुरी केली. कडीकाकाने कुंपणापाशी उभं राहून तिचे खांदे पाहिले. सैल होते.

घोडा बांधून ती खोलीत आली. तो खिळ्यावरची कडी उतरवत होता.

"राहू द्या ती. फक्त पुसू नका." मग दाराशी थांबून म्हणाली, "आईला मी काही सांगणार नाही. ते तुमचं काम. रविवारी घरी असते ती."

रविवारी तो धुतलेला सदरा घालून भावजयीच्या दारापुढे उभा राहिला. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. गल्लीत ना घोडा, ना लोखंड. तरी पाठीमागे, अगदी मानेजवळ, कर्र वाजलं. तो वळला नाही. त्याने दाराची कडी वाजवली.

"कोण?"

"मी. थोडं बोलायचंय."