जाळ्याचा वाटा

सरांनी माझी वही चिमट्यानं उचलली.

पोळ्या भाजायचा चिमटा. आतल्या खोलीकडे तोंड करून ते म्हणाले, "चिमटा आन वो." बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, तो आणून दिला. कशाला हवा हेही विचारलं नाही. सरांनी चटईवर बसलेल्या सगळ्या पोरापोरींसमोर माझी वही वर धरली, मेलेला उंदीर धरतात तशी.

"पाहा. ढिवराची वही. वास येऊन राह्यला." ढिवर म्हणजे आम्ही, तलावात मासे धरणारे.

पोरं हसली.

"आन् आतमंदी काय लिवलं, ऐका. जाळ्याचा वाटा!"

मग तर हसू आवरेना कोणाला. सरांनी चिमटा सैल सोडला. वही माझ्यासमोर पडली, उंबऱ्याजवळ. मी तिथंच बसायची. सगळे चटईवर आणि मी दाराशी, घरून आणलेल्या पोत्यावर. तिथं बस असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी चटईवर जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पोतं घेऊनच गेले.

ते माझं दहावीचं वर्ष. सहामाहीत गणितात नापास झाले होते. भूमिती थोडीफार जमायची, पण बीजगणित उघडलं की डोकं बधिर व्हायचं. घरात ठरलं होतं, दहावी उडाली तर शाळा बंद आणि मोठ्या आईसोबत तेलंगणात मिरची तोडायला जायचं. मोठी आई म्हणजे बाबांची विधवा भावजय. आमच्या गोंडपिपरीकडून दर हिवाळ्यात मिरचीला गाड्या भरून जातात. त्या गाडीत एकदा बसलेली पोरगी परत वर्गात बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला त्या गाडीत बसायचं नव्हतं. बस, एवढंच हवं होतं मला आयुष्यात.

म्हणून बाबा सरांच्या घरी, त्यांच्या रविवारच्या शिकवणीसाठी गेले, हात जोडून उभे राहिले. सर म्हणाले, "फी राहू दे. रविवारी पाठोत जा पोरीले." बाबा निघाले तेव्हा मागून विचारलं, "तलावात मरळ लागते का आता?"

बाबांना कळायचं ते कळलं. दर रविवारी सकाळी मी गंजात, म्हणजे पातेल्यात, जिवंत मरळ घेऊन चालत तालुक्याला जायची. वर पळसाची पानं झाकलेली. समोरच्या दारानं नाही, मागच्या. बाई पावशी, म्हणजे विळी, आणि राख काढून द्यायच्या. "तुलेच नीट जमते, वो," म्हणायच्या. मी मागच्या अंगणात बसून मासोळी राखेनं घासायची, खवले काढायची, तुकडे करून द्यायची. मग नळावर हात धुवायची, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी यायची आणि वही उघडायची.

आता सांगा, वहीला वास कुठला होता? तो माझ्या घरचा नव्हता. दुपारी सरांच्या ताटात पडणार होती त्या मासोळीचा होता. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ते मी पुस्तकात नाही वाचलं, त्या अंगणात शिकले.

चिमट्याच्या त्या रविवारी सर खुशीत होते. म्हणाले, "आज इच्यासाठी स्पेशल उदाहरण." पुस्तकातले आंबे काढून त्यांनी मासोळ्या टाकल्या. काही ढिवरांनी मासोळ्या पकडल्या. सारख्या वाटल्या. सहा-सहा दिल्या तर पाच उरतात, सात-सात दिल्या तर तीन कमी पडतात. तर ढिवर किती?

पोरं माझ्याकडे पाहून हसत होती, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. पहिल्यांदा एक उदाहरण मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तलावाची पाळ, ओलं जाळं, गवतावर मांडलेले वाटे. मी झरझर समीकरण मांडलं. एक्सची किंमत आठ आली. त्रेपन्न मासोळ्या, तेही जुळलं. आणि खाली मी लिहिलं, एकूण वाटे आठ. एक वाटा जाळ्याचा. ढिवर सात.

आमच्याकडे असंच असतं. मोठं जाळं सगळे मिळून ओढतात. मासोळ्यांचे सारखे वाटे पडतात, माणसागणिक एक आणि वर एक जाळ्याचा. मग एक जण पाठ करून उभा राहतो. दुसरा वाट्यावर बोट ठेवतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. कोणी कोणाला फसवू शकत नाही. जाळं मोठ्या आईचं. मोठे बाबा त्याच तलावात बुडून गेले आणि मागं जाळं राहिलं. मोठी आई जाळं ओढायला जात नाही, पण तिचा वाटा पाळीवरून तिच्या घरी जातो. तो काढायचा राहिला असं मी कधी पाहिलं नाही. वाटणी म्हटलं की जाळ्याचा वाटा आलाच, हे मला एक्सच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

पुस्तकाच्या हिशेबानं माझं उत्तर चूक होतं. आज मी स्वतः गणित शिकवते, मला कळतं. उदाहरणात नसलेली गोष्ट मी आत आणली. पण समीकरण बरोबर होतं. त्या वर्षात माझ्या हातून पहिल्यांदा एक समीकरण सुटलं होतं. सरांनी खालच्या ओळीवर लाल रेघ मारायची आणि विचारायचं, असं काऊन लिवलं? मी सांगितलं असतं. चूक काढायला पेन लागतं. चिमटा लागत नाही.

घरी आले. वहीच्या पुठ्ठ्यावर चिमट्याचे दोन काळे डाग होते, एक पुढून आणि एक मागून. बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. मी सगळं सांगितलं आणि रडले. बाबांना एक्स-वाय काही कळत नाही. ते हातातलं काम न थांबवता ऐकत राहिले. एक गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "मंग त्या ढिवरायचं जाळं कोणाचं होतं? इचारलं नाई तू?"

आई आतून म्हणाली, "काई इचारू नोको. पाण्यात राहून मगरीसंग वैर नोको. वर्ष निंघून जाऊ दे."

आठवडाभर मनात होतं, आईचंच ऐकायचं. रविवारी मरळ घेऊन मागच्या दारी गेले. बाई म्हणाल्या, "आज बारीक तुकडे कर. पाहुणे येऊन राह्यले." मी पावशीवर बसले. राख हातात घेतली. आतून सरांचा आवाज आला, "आली का जाळ्याचा वाटा?" आणि पोरं हसली. आठ दिवसांत ते माझं नाव पडलं होतं.

माझ्या हातातून राख गळून गेली. मला राग आला, आणि इतके रविवार आला नाही याचीही लाज वाटली. गंजात मासोळी हलत होती. मी गंज उचलला, घराला वळसा घातला, पुढच्या दारानं आत गेले. उंबऱ्यापाशी थांबले नाही. चटईवर पाय देऊन फळ्यासमोर उभी राहिले.

"सर, त्या उदाहरणात जाळं कोणाचं होतं?"

सरांना आधी समजलंच नाही. मग समजलं. "बाहेर निंघ," म्हणाले.

"मंग मासोळी बी बाहेर जाईल."

एवढंच बोलले. गंज घेऊन वळले, थोडं पाणी चटईवर सांडलं, आणि पुढच्याच दारानं बाहेर पडले. मागून बाई "अवो, पाहुणे येतात ना" म्हणत राहिल्या. मी थांबले नाही. ती मरळ मोठ्या आईच्या घरी दिली.

याच्यापुढं सगळं चांगलं झालं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. माझी शिकवणी बंद झाली. आईनं चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शाळेत सरच गणिताला होते, त्यांनी उरलेलं वर्षभर माझ्याकडे पाहिलं नाही, मला एक प्रश्न विचारला नाही. जूनमध्ये निकाल लागला, गणितात उडाले. जुलैत परत बसले, परत उडाले. हिवाळ्यात मोठ्या आईसोबत त्या गाडीत बसले.

मिरचीनं बोटांची इतकी आग आग होते की पाण्यात बुडवली तरी थांबत नाही. त्याच बोटांनी मी दुपारच्या सुट्टीत शेताच्या बांधावर बीजगणित सोडवलं. विचारायला कोणी नव्हतं. उत्तर मागच्या पानाशी जुळलं नाही तर पुसायचं, परत मांडायचं. एकेका उदाहरणाला तीन-तीन दिवस गेले. मोठी आई मिरच्यांचे ढीग करून द्यायची आणि म्हणायची, "लाव तुझा तो एक्स." मार्चमध्ये येऊन परीक्षा दिली आणि पास झाले. आनंद झाला नाही. हे सगळं एका रविवारी, चटईवर बसून झालं असतं, हेच डोक्यात होतं.

आज मी एका आश्रमशाळेत तासिकेवर गणित शिकवते. कायम नाही. पोरांच्या वह्यांना मोहाचा वास येतो, धुराचा येतो, कधी मासोळीचाही. मी हातानं उचलते.

गेल्या आठवड्यात फोन आला. त्या चटईवरचाच एक पोरगा, आता चंद्रपूरला सरकारी ऑफिसात आहे. सर रिटायर होऊन राह्यले, मोठा सत्कार ठेवला आहे, म्हणाला. "मुलींमधून तू दोन शब्द बोल ना. सरनं तुले फुकट शिकवलं होतं."

फुकट. मी म्हटलं, माझं नाव लिहून ठेव.

मी जाणार आहे. मागच्या दारानं नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे, पुठ्ठ्यावर ते दोन डाग तसेच आहेत, आणि लिहिलेल्या शेवटच्या पानावर तो जाळ्याचा वाटाही. हार-तुरे झाल्यावर माझं नाव पुकारतील. मी वही सरांसमोरच्या टेबलावर ठेवीन आणि सगळ्यांसमोर सांगीन की सर, ही हातानं उचला आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचा. ते उचलेपर्यंत मी माइक सोडणार नाही.