पुट्टीच्या थैलीतलं टोकन

कोणी चारचौघांत माझं नाक कापलं, तर "जाऊ दे ना बाप्पा" म्हणून मला सोडता येत नाही. बायको म्हणते, हा तुमचा रोगच आहे. असेल. पण ज्या शेठनं मला माझ्या सख्ख्या मामासमोर खोटारडा ठरवलं, त्याची एक दिवस जिरवायचीच, असं मी तिथंच दुकानात उभ्या उभ्या ठरवलं होतं. आणि जिरवली. त्याची गोष्ट सांगतो.

तेव्हा मी अमरावतीत त्याच्या पेंटच्या दुकानात काउंटरला होतो. रंग, ब्रश, प्रायमर आणि पुट्टी विकायचो. पुट्टी म्हणजे रंगाच्या आधी भिंतीला लावतात ती पांढरी पावडर, पाण्यात कालवून पत्र्यानं ओढतात ती. शेठची स्वतःच्या छापाची पुट्टी तीन थैल्यांत यायची, बाकीचे दुकानदारही ती त्याच्याकडून घेऊन विकायचे. निळी सगळ्यांत स्वस्त, लाल तिच्या वर, आणि सोनेरी सगळ्यांत महाग. सोनेरीवर राजवाड्याचं चित्र होतं आणि भाव निळीच्या जवळपास दुप्पट.

माल भरून आणायला मी टेम्पोसोबत अकोल्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात जायचो; पैसे देईल त्याच्या थैलीत तिथं पावडर भरून मिळायची. पहिल्यांदा गेलो तेव्हाच माझे डोळे उघडले. मोठं लोखंडी नरसाळं, खाली थैली लावायची, भरली की शिवायची. निळ्या थैल्या भरून झाल्या. मशीनवरच्या माणसानं उरलेल्या निळ्या रिकाम्या थैल्या बाजूला सारल्या आणि सोनेरींचा गठ्ठा पुढं ओढला. मशीन बंदसुद्धा केली नाही.

मी विचारलं, "आता दुसरी पावडर टाका लागन ना?"

"कायची दुसरी?" तो म्हणाला, आणि कामाला लागला.

फरक एवढाच, की सोनेरी थैलीत तो वरून एक प्लास्टिकचं टोकन टाकत होता. ते टोकन पेंटरचं. थैली घरमालकाच्या पैशाची, पण ती फोडतो पेंटर आणि टोकन जातं त्याच्या खिशात. दुकानात आणून दाखवलं की त्याला रोख मिळते. आमच्याकडं घरमालक त्या टोकनाला हात लावत नाही. लावला तर पेंटर दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, फोनही उचलत नाही. म्हणून पेंटर मालकाला सांगतो, "सोनेरीच आना साहेब, दुसऱ्या कोन्या मालाची ग्यारंटी मी घेत नायी." मालक बिचारा आणतो. टोकनचा खर्च, राजवाड्याच्या छपाईचा खर्च, शेठची मलई, सगळं त्याच्याच बोकांडी. अमरावतीत ही टोकनची टूम आमच्याच शेठनं काढली होती आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

आता मामाचं. माझे वडील लवकर गेले. आई मला घेऊन हिवरखेडहून भावाकडं आली आणि मामानंच मला वाढवलं. एसटीत कंडक्टर होता, परतवाडा-धारणी गाडीवर जन्म काढला. रिटायर झाल्यावर अकोल्यात त्यानं घर बांधलं, आणि पुट्टी घ्यायला मुद्दाम अमरावतीला आला. अकोल्यात दुकानं नव्हती असं नाही. भाचा दुकानात आहे, म्हणून आला. सोबत दोन शेजारी, त्यांना दाखवायला.

मी त्याला हळूच म्हणालो, "मामा, निळी न्या. आतमधी पावडर एकच हाये. सोनेरीचे पैसे पेंटरच्या टोकनाचे हायेत."

शेठ माझ्या मागंच उभा होता. त्यानं आवाज चढवला नाही. मामाला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि गोड हसून म्हणाला, "काकाजी, निळी थैली विकली का यायले जास्त कमिशन भेटते. म्हनून घरच्या मानसाले हलका माल लावून राह्यले."

असलं कोणतंही कमिशन नव्हतं. मी तिथंच सांगितलं, शेठ, तुम्ही खोटं बोलता आहात. शेठ म्हणाला, "उद्यापासून येऊ नोको." नोकरी गेली, तिचं मला एवढं वाटलं नाही. मामानं माझ्याकडं पाहिलं, ते जिव्हारी लागलं.

"मले?" तो म्हणाला. "आपल्या मामाले?"

आणि त्यानं सोनेरी घेतली.

त्यानंतर नात्यातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, मामा लोकांना सांगायचा, "आमचा भाचा लय हुशार हाये. मामाले बी सोडत नायी." लोक हसायचे. आई पदरानं डोळे पुसायची. मी समजवायला गेलो की तो उठून दुसरीकडं बसायचा. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची, आणि मामाचा नाही, शेठचा राग यायचा. त्या माणसाच्याच तोंडून, मामाच्या देखत, "पावडर एकच आहे" हे वदवून घ्यायचं, याच्यापलीकडं मला काही सुचत नव्हतं.

अकोल्यात मी गाळा घेतला आणि सुरुवात सरळपणानं केली. त्याच कारखान्यातून तीच पावडर साध्या थैलीत भरून आणली, टोकन नाही, भाव निळीहून कमी. येईल त्याला खरं सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पलीकडच्या दुकानातून महागाची घेऊन जायचे. एक मास्तर तर मला तोंडावर म्हणाले, "एवढी स्वस्त हाये, तं काही ना काही खोट असनच." पेंटर माझी थैली पाहूनच नाक मुरडायचे.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, ठीक आहे, शेठच्याच हत्यारानं शेठला पाणी पाजतो. साधी थैली बंद केली. काळीकुट्ट थैली छापली, वर सोनेरी अक्षरं, खाली "फक्त खास घरांसाठी". भाव शेठच्या सोनेरीपेक्षा बराच वर ठेवला आणि टोकन त्याच्या दुप्पट. तेही प्लास्टिकचं नाही. कार्ड खरवडायचं, मोबाइलनं स्कॅन करायचं, पैसे तिथल्या तिथं पेंटरच्या खात्यात. पावडर तीच, नरसाळं तेच.

अकोल्याचे पेंटर आधी वळले, मग परतवाड्याचे, मग अमरावतीचे. शेठनं घाबरून सोनेरीचा भाव उतरवला आणि तिथंच फसला. उतरलेला भाव पाहून लोक म्हणायला लागले, एवढी स्वस्त झाली, तर काही ना काही खोट असणारच. मला ज्या शब्दांनी बुडवलं होतं, तेच शब्द त्याला ऐकावे लागत होते. मी रोज चौकशी करायचो, आणि मला रात्री झोप चांगली लागायची.

मग शेठनं बंगला बांधला. त्याच्या पेंटरचा एक दिवस मला फोन आला, हसू आवरत नव्हतं त्याला. "भाऊ, काळी पाठवा. शेठच्या बंगल्यावर."

मला खरंच वाटेना. पेंटर म्हणाला, शेठनं स्वतःच्या सोनेरी थैल्या आणून टाकल्या होत्या, पण आपण तिची ग्यारंटी घेत नाही, असं त्यानं शेठला सांगून टाकलं. आणि शेठाणी नवऱ्यावर कडाडली, की आपल्या घराले सस्ता माल लावता काय, माया माहेरची मानसं येतीन. झालं. ज्यानं टोकन काढलं, त्याच्याच भिंतीला माझी थैली लागली, माझ्या भावानं. मी माल स्वतःच्या टेम्पोत पाठवला.

वास्तूची पत्रिका धंद्यातल्या सगळ्यांना आली, तशी मलाही आली. मी आईला गळ घातली, आईनं मामाला. मामा कुरकुरत माझ्यासोबत अमरावतीला आला.

हॉलमध्ये पंगत चालू होती. सगळे दुकानदार जमलेले. शेठ वाढप बघत फिरत होता. तो आमच्याजवळ आला तसा मी भिंतीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शेठ, भिंत झ्याक झाली. आमची काळी तुमच्या सोनेरीपेक्षा भारी हाये, मानता ना?"

हो म्हणाला, तर उद्या एकही दुकानदार त्याची थैली ठेवणार नव्हता. नाही म्हणायचं, तर कारण द्यावं लागणार होतं. त्यानं चारी बाजूंना पाहिलं. दुकानदार हातातला घास हातात ठेवून ऐकत होते.

"भारी कायची बे?" शेठ शेवटी म्हणाला. "एकाच नरसाळ्यातून निघते. तुयी काळी, मायी सोनेरी, मायी निळी, सारी एकच पावडर हाये. साऱ्यायले माहीत हाये."

मी मामाकडं वळलो. एवढा गोड क्षण माझ्या आयुष्यात दुसरा नाही. मामानं ताट पुढं सारलं.

"म्हनजे तवा तू खरं बोलला होता," तो म्हणाला.

"हो, मामा."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, बऱ्याच वर्षांनी. मग तो त्या भिंतीकडं बघत राहिला आणि त्यानं विचारलं, "तुया काळीचा भाव काय हाये?"

मी सांगितला.

"बापरे," मामा म्हणाला. "मंग आता तुया दुकानात कोनाचा मामा आला, तं त्याले कोनती देतं?"

शेठ अजून तिथंच होता. दोघंही माझ्याकडं बघत होते, आणि माझ्या दुकानात काळीशिवाय दुसरी थैलीच नाही.