मिरच्या आणि पातळ पत्रा

गाडी तपासणाऱ्या माणसाने खालच्या खड्ड्यातून स्क्रू ड्रायव्हर दाबला आणि तो त्सोंकाच्या टाचेशेजारून, पायपुसणं भेदून, सरळ वर आला. उंदराने बिळातून डोकं काढावं तसा.

“मावशी, दिसतंय का काही?” तो खालून ओरडला.

“दिसतंय. टोक बोथट झालंय, धार लावून घे.”

तो हसला, पण कागदावर शिक्का काही मारला नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून पापड झाला होता. “शुक्रवारी मुदत संपतेय,” हात पुसत तो म्हणाला. “तोवर नवा पत्रा जोडून आणा. नाही जमलं तर गाडी भंगारात काढा आणि सुखाने बसा घरी.”

सुखाने बसा म्हणे! गाडी गेली की घरच जाणार होतं, बसायचं कुठे? ईस्टरला लेक आली होती जर्मनीहून, रालित्सा. अंडी रंगवता रंगवता तिने विषय काढलाच. “आई, गावात बस येत नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही. बाबांची ही गाडी बंद पडली की काय करशील?” त्सोंका सहज बोलून गेली, “मग येईन तुझ्याकडे. दिला शब्द.” तिला आपलं वाटलं, गाडी काय, आपल्यानंतरही चालेल. लेकीने मात्र शब्द गाठीला बांधला. आठव्या मजल्यावर एक खोली रिकामी करून भिंतीला रंगसुद्धा दिला. पिवळा. त्सोंकाला पिवळा रंग आवडत नाही, पण हे लेकीला सांगायचं कसं?

गावातला एकुलता एक मेकॅनिक स्पेनमध्ये संत्री तोडायला गेलेला. शहरातले म्हणाले, दोन आठवड्यांनी या. त्सोंका मनात म्हणाली, मरू देत, वेल्डिंगच करायचं ना? ते मीच करते.

आणि हे ती उगाच म्हणत नव्हती. सतराव्या वर्षी गव्हाच्या पोत्यांवर बसून ती ट्रकने वार्नाच्या बंदरात गेली होती, शेजारच्या वेलिकाचा हात धरून. दोघी गोदीत लागल्या. त्सोंका जहाजाचे पत्रे जोडायची, अंगठ्याएवढे जाड. तिने जोडलेली जहाजं कुठकुठल्या समुद्रांवर फिरून आली, ती स्वतः किनाऱ्याच्या पुढे गेली नाही. गोदीत एक नियम होता. जोडणारी पत्र्याच्या अलीकडे, आणि पलीकडे एक जण पाण्याची बादली घेऊन बसलेला. कारण ठिणगी पलीकडे जाऊन काय दिवे लावते, ते जोडणाऱ्याला दिसत नाही. पलीकडे वेलिका बसायची. पत्र्यावर एक टकटक, म्हणजे चालू दे. दोन, म्हणजे थांब. बावीस वर्षं त्या दोघींचं कामाच्या वेळेतलं बोलणं एवढंच.

मग दोघी गावी परतल्या, पुन्हा शेजारणी झाल्या. पाच वर्षांपूर्वी मात्र बोलणंच संपलं. त्सोंकाचा नवरा पारुश वारला. चाळिसाव्याला गहू उकडून साखर घालून वाटतात, तो वाटला. वेलिकाने चमचाभर तोंडात घातला आणि साऱ्यांदेखत म्हणाली, “साखर कमी पडली गं.” तेव्हापासून कुंपणाच्या या बाजूचं माणूस त्या बाजूच्या माणसाशी बोललं नाही. त्सोंका दर मंगळवारी गल्लीतल्या तिघी-चौघींना गाडीत घालून दोब्रिच शहरात न्यायची, बाजाराला, दवाखान्याला. वेलिका तीन किलोमीटर चालत हमरस्त्यावर जायची आणि तिथून बस धरायची. गाडी शेजारून गेली की ती शेताकडे बघायची, जणू तिथे सूर्यफुलं नसून लग्नाची वरात चाललीय.

तर मंगळवारी त्सोंकाने कंबर कसली. फाटक दुरुस्त करायला म्हणून वसंतात तिने एक वेल्डिंगचं मशीन आणलं होतं. सुपरबाजाराच्या पत्रकात चीज आणि पायमोजे यांच्यामधल्या चौकटीत त्याचं चित्र होतं, आणि किंमतही त्या दोघांच्या मधलीच वाटावी अशी. बुटाच्या खोक्याएवढं. कमी-जास्त जोराचे चार खटके, एक चकती आणि आपोआप पुढे सरकणारी तार. त्सोंकाने सीट काढली, बॅटरी सोडली, गंजलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापला. जुन्या वॉशिंग मशीनच्या कुशीतून ठिगळ कापलं, त्याचा रंग खरवडला. खालून तांब्याचा एक जाड तुकडा जॅकने दाबून धरला, कारण तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि ते उष्णता पिऊन घेतं. सगळं कसं शास्त्राप्रमाणे.

मुखवटा खाली ओढला, पहिला खटका लावला. तार नुसती थुंकली. पत्र्यावर गार गोळ्या पडल्या, बोटाने उडवल्या की पळाल्या. दुसरा खटका. तेच. तिसरा लावला तेव्हा कुठे धरलं. “आता कसं!” असं ती म्हणते न म्हणते तोच लख्ख झालं, आणि ठिगळाच्या कडेला आलुबुखाराएवढं भोक. ते बुजवायला गेली, दुसरं पडलं. जहाजाच्या पत्र्यावर राज्य केलेली बाई, आणि नखाएवढ्या जाडीचा पत्रा तिला नाचवत होता. अंधार पडेस्तोवर तिने भोक बुजवायच्या नादात खिडकी करून ठेवली. त्यात गाडीच्या पोटाला फासलेल्या डांबराने पेट घेतला. बादली रिकामी करून ती ओल्या जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा तिला ती पिवळी भिंत दिसली.

बुधवारी तिने मोठी खिडकी चौकोनी केली, मोठं ठिगळ कापलं आणि खटक्याला हात लावायच्या आधी नुसती उभी राहिली. गॅरेजातला दिवा पिवळा होता. बघता बघता पांढरा झाला. मग पुन्हा पिवळा. दारातून भाजल्या मिरच्यांचा वास येत होता.

सप्टेंबर! त्सोंकाने कपाळावर हात मारला. सप्टेंबरात गल्लीतल्या प्रत्येक अंगणात चुश्कोपेक चालू असतो, म्हणजे मिरच्या भाजायचं विजेचं पिंप. हिवाळ्याच्या बरण्या भरायच्या असतात ना. साऱ्या गल्लीला खांबावरून आलेली एकच म्हातारी तार. सगळी पिंपं चालू झाली की वीज मरगळते आणि मशीन थुंकतं. बाया पिंपं बंद करून मिरच्या सोलायला बसल्या की वीज उड्या मारते आणि पत्र्याला भोक पडतं. हात त्सोंकाचाच होता, पण लगाम मिरच्यांच्या हातात होता.

आता मागायला जायचं आलं. त्सोंकाला देणं येत होतं, मागणं येत नव्हतं. तरी ओढणी बांधून निघाली.

“उद्या दुपारी चार ते पाच पिंपं बंद?” समोरची गिना कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मिरच्या काय तुझी वाट बघत बसतील?”

“तू बसतेस ना मंगळवारी माझी वाट बघत. मिरच्यांनाही शिकव.”

“जिभेला गंज नाही चढला हो तुझ्या! बंद करीन. पण पाच म्हणजे पाच.”

सहा घरं झाली. कुणी कुरकुरलं, कुणी चव बघ म्हणून बशीभर मिरच्या हातात दिल्या. सातवं घर वेलिकाचं. तिची पिंपं दोन, कारण मुलगे तीन आणि सुना कामाच्या नाहीत, असं तिचं म्हणणं. वेलिका अंगणात मिरच्या सोलत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. पायाशी बसलेल्या मांजराला म्हणाली, “मांजरे, विचार तिला, वाट चुकली का?”

त्सोंकाही मांजराकडे वळली. “सांग तुझ्या मालकिणीला, उद्या दुपारी चार ते पाच पिंपं बंद ठेवायचीत.”

“सांग तिला, माझ्या तीनशे बरण्या व्हायच्यात. ठिणग्या बघायला वेळ नाही.”

मांजर बिचारं इकडून तिकडे बघत होतं. मग त्सोंका मांजराला सोडून कुंपणाकडे बघत बोलली, “शुक्रवारी गाडी पास झाली नाही तर मी जाते जर्मनीला. कायमची. खोलीला रंगही दिलाय.”

वेलिकाच्या हातातली मिरची तशीच राहिली. त्सोंका वळली आणि घरी आली.

गुरुवारी चार वाजता दिवा उजळू लागला. एक पायरी, दुसरी, तिसरी. त्सोंका मोजत होती. सहा घरं बंद झाली, तरी दिवा मधूनच डुलायचा. वेलिकाची दोन पिंपं. “सुंभ जळेल, पीळ जायचा नाही,” ती पुटपुटली आणि मुखवट्याला हात घातला. तेवढ्यात दिवा एकदा मोठा झाला आणि तसाच राहिला. हलेना, डुलेना.

त्सोंकाने खटका परत पहिल्यावर आणला. एक टाका. बोटभर नाही, मुगाएवढा. लगेच हात काढला. दुसरा त्याच्या शेजारी नाही, समोरच्या कोपऱ्यात. तिसरा तिरका पलीकडे. पातळ पत्र्याला एका जागी तापवलं की तो रुसतो, वाकडा होतो. त्याला सगळीकडून थोडं थोडं समजवावं लागतं. जहाजाने तिला हे शिकवलं नव्हतं, मंगळवारच्या भोकांनी शिकवलं. टाका धरला होता. नखाने ओढून पाहिला, हलेना.

ती पुढच्या टाक्याला वाकली आणि खालून आवाज आला. टक.

त्सोंकाचा हात थांबला. मुखवटा तिने वर केला नाही. कशाला करायचा? बावीस वर्षं केला नव्हता. तिने टाका मारला. टक. आणखी एक. टक. मग घाईघाईने टक टक, आणि चर्र असा पाण्याचा आवाज, आणि डांबराचा धूर.

“पेटलं होतं गं बये,” गाडीच्या पलीकडून वेलिकाची हाक आली. लाकडी ओंडक्यांवर तिरक्या केलेल्या गाडीखाली डोकं घालून, बुटक्या स्टुलावर, बादली आणि ओलं पोतं घेऊन ती बसली होती. हातात मिरच्या ढवळायचा पळा. “एकटीने करत होतीस? अक्कल गोदीतच ठेवून आलीस की काय!”

“मांजराला सांगतेयस का मला?”

“मांजराला अक्कल आहे. मार टाका.”

टाका, थांबा, गार होऊ दे. टाका, थांबा. पाच वाजून गेले. गिनाच्या अंगणातून ओरडा आला, “झालं का गं?” वेलिका इकडूनच गरजली, “गप बस! मिरच्या पळून नाही जायच्या!” गल्ली साडेपाचपर्यंत गप बसली. शेवटी टाक्यांना टाके भिडले. दिसायला देखणं नव्हतं. लहान मुलाने पायमोजा रफू करावा तसं. त्सोंकाने गाडीखाली दिवा ठेवला आणि आतून अंधारात पाहिलं. कुठूनही उजेड येईना. मग सांध्यांना लांबी भरली, वर जाड रंग फासला.

शुक्रवारी तपासणीवाला खड्ड्यात उतरला. टोकाला धार लावली होती त्याने. दाबलं, ठोकलं, पुन्हा दाबलं. पत्रा नुसता वाजला.

“मावशी, कुणाकडून करून घेतलं?”

“आम्ही दोघींनी केलं.”

“दुसरी कोण?”

“पलीकडे बसते ती.”

त्याला काही कळलं नाही, पण शिक्का त्याने मारला. वर्षभराचा. त्सोंकाने तिथूनच लेकीला फोन लावला. रालित्सा म्हणाली, “आई, त्या खोलीचं काय करू मी?”

“नाताळात येते ना राहायला. आणि ऐक, रंग बदल. पिवळा नको.”

“आधी का नाही बोललीस?”

“तेव्हा कायमचं राहायचं होतं. पाहुणीला बोलता येतं.”

पुढच्या मंगळवारी गाडी निघाली तेव्हा मागे गिना आणि आणखी दोघी दाटीवाटीने बसल्या. पुढची जागा रिकामी. त्सोंकाने वेलिकाच्या फाटकाशी भोंगा वाजवला. वेलिका पिशवी घेऊन आली, बसली, आणि पहिल्यांदा वाकून त्सोंकाच्या पायाखालचा पत्रा पळ्यासारख्या बोटांनी ठोकून पाहिला. टक.

हमरस्ता येईपर्यंत ती सूर्यफुलांकडे बघत होती. मग म्हणाली, “साखर मात्र कमीच होती हं.”

“ठाऊक आहे,” त्सोंका गिअर टाकत म्हणाली. “घरातली संपली होती. तुझ्याकडे मागायला यायची लाज वाटली.”