शिकस्त

म्युझियममधल्या त्या दगडी बैलाच्या अवाढव्य डोक्याकडे हनुवटीने खूण करून ते म्हणत, "डोकं शिकागोत, धड इराणात. माझं उलट."

डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत ते आमचे शेजारी. मूळचे शिराझकडचे. तो बैल जिथला, त्या त्यांच्या गावाजवळच्या प्राचीन राजधानीला मी एकदा पर्सेपोलिस म्हणालो, तर त्यांनी थांबवलं. "ते ग्रीकांचं. ज्यांनी जाळलं, त्यांनीच नाव ठेवायचं? तख्त-ए-जमशेद म्हण." जमशेद राजाचा त्या जागेशी काही संबंध नव्हता, हेही त्यांनीच सांगितलं. बांधतो एक, पाटी दुसऱ्याची. तुम्हीही पाहिलं असेल.

आम्ही इंग्रजीत बोलत असू. पण मधूनच ते एखादा फारसी शब्द टाकत आणि तो मराठीत सापडतो का, ते मी बघे. दरवाजा, बाग, जमीन, खिडकीचा पडदा. "तुम्ही आमचं घरच उचलून नेलंत," ते म्हणत.

पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी ठरवलं, तख्त-ए-जमशेदचे अवशेष एकदा बघून यायचे. मुलगी इथेच जन्मलेली. तिकडून परत येऊ देतील का, ही तिची एक काळजी. आणि ज्या गुडघ्यांना इथली बस चढवत नाही ते तिथे काय चढणार, ही दुसरी. समजूत घालायला तिने मला बोलावलं. ते माझ्याकडे बघत होते. मला त्यांची बाजू घ्यायची होती. त्यांना नक्की कळेल असा शब्द निवडून मी ठासून म्हणालो, "शिकस्त."

त्यांचा चेहरा पडला. मुलगी म्हणाली, "थँक यू, अंकल."

फारसीत शिकस्त म्हणजे पराभव. आमच्याकडे जीव तोडून केलेला प्रयत्न, असं मी घाईघाईने सांगितलं.

"हरण्याला तुम्ही प्रयत्न म्हणता?"

"शेवटचा."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "मग मी शिकस्त करतो."

अंकलशी बोलणं मुलीने बंद केलं. ते गेले, आणि तिकडे भावाकडेच राहिले. परतीचं तिकीट कॅन्सल केलं.

अवशेष बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. फोन हातात लोंबता. खांब, भिंतींवर कोरलेले सिंह, नजराणे घेऊन निघालेले मांडलिक, काही दिसलं नाही. दिसल्या त्या जिना झिजू नये म्हणून टाकलेल्या लाकडी फळ्या, एक काठी आणि तपकिरी बूट. वर पोहोचल्यावर बूट थांबले. ते धापा टाकत भावाशी फारसीत बोलू लागले. फोन चालू असल्याचं विसरले असावेत.

मी बराच वेळ ऐकत राहिलो. त्यात माझ्या ओळखीचा एकही शब्द आला नाही.