शबानाभाभींची आमटी आणि माझ्या पोळ्या

मैत्रिणींनो, आज माझं डोकंच चालंना, तुमीच सांगा.

शेजारच्या शबानाभाभींनी पहिल्यांदाच येसर आमटी केली आणि सकाळीच डबा घेऊन आल्या. "चाखून खरं सांगा हां, तोंडदेखलं नको."

मी खरं सांगितलं. "भाभी, येसराचं पीठ नीट भाजलं न्हाई. कच्चट लागतंय."

त्या हसल्या. "बरं झालं बोललात. मग मी बी खरं सांगते. तुमच्या होळीच्या पोळ्या दरसाल आमची बकरीच खाती."

दर होळीला माझा पोळ्यांचा डबा रिकामा परत द्यायचा न्हाई म्हणून त्यात शेवया भरून, "पोळ्या लई भारी झाल्त्या" म्हणणाऱ्या ह्याच!

त्या चिडल्या, का आज आमी खऱ्या मैत्रिणी झालो?

होळी तोंडावर आलीय. पोळ्या पाठवू का नको? आणि पाठवल्या तर सुधारून करू, का बकरीला आवडतात तशाच?