दोन दिवस खिशात

तायडेबाईंकडे कपडा शिवायला नेला की त्या आधी तुम्हालाच ओढून पाहत. म्हणजे तुमच्या अंगातल्या शर्टाची बाही चिमटीत धरायची, एकदा आडवी ताणायची, एकदा उभी, आणि सोडून द्यायची. बोलणं त्यानंतर. पहिल्या भेटीत मी दचकून मागे सरलो, तर म्हणाल्या, “उभे राहा ना जी भाऊ. कोठं पळून राहिले? कापड पाहून राहिली मी, तुमाले नाई.” चौपन्नाव्या वर्षी हे ऐकून थोडं वाईटच वाटलं.

अमरावतीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, पत्र्याच्या शेडखाली त्यांचं मशीन होतं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खिळ्याला लटकवलेली कात्री, आणि एक स्टूल, ज्यावर कुणीच बसत नसे कारण त्यावर कायम इस्त्री असे. तरुणपणी त्यांनी अकोल्याला खेळाडूंचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात वीस वर्षं काढली होती. “जिंदगीभर ओढाओढीचेच कपडे शिवले मी,” त्या सांगत. “कबड्डीवाल्यायचे. घालणार एक अन् ओढणार दुसरा.” कुठलंही बोलणं संपलं की शेवटी “थकली बापा मी” हे यायचंच. त्यात तक्रार नसे. आपण ‘बरं’ म्हणतो, तशा त्या ‘थकली’ म्हणत.

माझं त्यांच्याशी काम पडलं ते आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील. भातकुलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात अंगाला चिकटून राहिला तो राहिलाच. सकाळी त्यांना सदरा घालणं म्हणजे मी आणि माझी बायको सुनंदा, दोघांचा अर्ध्या तासाचा उद्योग. उशीला अभ्रा घालतात तसं. तिघेही घामाघूम होऊन बसायचो, आणि मला तर ऑफिसला निघायच्या आधीच घरी परत यावंसं वाटायचं. शेवटी आम्ही सदरे कपाटात टाकले आणि आबांना गोल गळ्याच्या बनियनवर आणलं.

मग नोव्हेंबर आला. पेन्शनीसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा. बँकेचा माणूस घरी येऊन सही घेऊन जातो, ते मी जमवूनही आलो होतो. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी जित्ता हाओ हे पाहाले बँकेनं घरी यायचं, अन् मी बनेनवर बसू? कॉलरचा सदरा आन, बँकेत मीच जाईन. बटनं मी लावन.”

मला त्यातलं फक्त ‘कॉलर’ ऐकू आलं.

तायडेबाईंनी तोड काढली. सदरा ताणाच्या कापडाचा शिवायचा, म्हणजे आखडलेला हात न दुखता बाहीत जाईल. वरून बटणं नुसती दिसायला, आणि खाली टिचबटणं, एका हाताने दाबून लागणारी. “पण भाऊ, ताणाच्या कापडाले नुसतं टिच लावलं तं दोन दिसांत भोक पडते,” त्या म्हणाल्या. “मागून पेस्टिंग पायजे. कापडासंगं ताणणारं आना.” पेस्टिंग म्हणजे इस्त्रीने चिकटतं ते आतलं अस्तर, ज्याच्या जिवावर शर्टाची कॉलर उभी राहते.

दुकानदाराने दोन प्रकार समोर टाकले. एक लुळं, ओढलं की लांबणारं. दुसरं पत्र्यासारखं कडक. मला आबांच्या जुन्या कांजी केलेल्या कॉलरी आठवल्या आणि मी कडक घेतलं. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झाले आहेत. दोन्हींत भारदस्त दिसेल ते उचलायचं.

तायडेबाईंनी ते एकदा बोटांनी वाकवून पाहिलं. मग सदऱ्याच्याच कापडाच्या तळहाताएवढ्या चिंधीवर त्याचा एक तुकडा ठेवला आणि वर इस्त्री टेकवली. फिरवली नाही. टेकवली, उचलली, पुढे टेकवली. “इस्तरी फिरवली का कापड सरकते,” म्हणाल्या, आणि चिंधी माझ्या हातात दिली. “दोन दिवस खिशात ठेवा. उठता-बसता वढा. एकदा धुवा. मंग मले सांगा.” ही त्यांची पद्धतच होती. चिंधी पास झाल्याशिवाय कुणाच्याही कपड्याला कात्री लागत नसे.

मी चिंधी खिशात ठेवली आणि ती पँट खुंटीला गेली. आबांची औषधं, त्यांच्या हाताचे व्यायाम, ऑफिस, यात दोन दिवस संपले. तिसऱ्या दिवशी जाऊन म्हणालो, “एकदम चांगली आहे.”

“वढली?”

“ओढली.”

“धुतली?”

“धुतली.”

“बरं. थकली बापा मी,” म्हणून त्यांनी कात्री घेतली.

सदरा घेऊन त्या स्वतः घरी आल्या. आबांचा हात दोन मिनिटांत बाहीत गेला, सुनंदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग आबांनी डाव्या हाताने पहिलं टिच धरलं. पुढची पट्टी शाळेतल्या फूटपट्टीसारखी ताठ. बाजूचं कापड ताणलं जाई आणि पट्टी जागची हलत नसे. चौथ्या खेपेला पेस्टिंग आतून सुटलं आणि पट्टीवर भाजलेल्या पापडासारखे फोड आले. मी मदतीला हात पुढे केला. आबा म्हणाले, “काढा,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढचे दोन दिवस त्यांनी बँकेचं नाव काढलं नाही. मी काढलं, तर म्हणाले, “त्यायले सांग, मेला.”

सदरा फसला त्या दिवशीच तायडेबाई मला ओसरीत घेऊन गेल्या होत्या. “चिंधी कोठं हाये?”

खुंटीवरच्या पँटमधून मी ती काढून दिली. घडीसुद्धा मोडली नव्हती. त्यांनी ती एकदाच ओढली. पेस्टिंग एकीकडे, कापड एकीकडे.

“चिंधी खोटं बोलत नाई,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, तुमीबी नाई बोलत.”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी, गुडघे धरून धरून, त्या स्वतः बाजारात गेल्या आणि लुळं पेस्टिंग घेऊन आल्या. सगळी पट्टी उसवली. मी समोर बसून होतो, प्रायश्चित्त म्हणून सुईत दोरा ओवून देत होतो, तोही तिसऱ्या प्रयत्नात. त्यांनी कॉलरला पेस्टिंग लावलं आणि पट्टीत फक्त टिचांच्या मागे लहान लहान तुकडे. मी विचारलं, सगळ्या पट्टीला का नाही?

“सगळीकडं कायले? जिथं धरून ठेवाचं तिथंच लावाचं, भाऊ. बाकीचं ढिलं राहू द्या. तुमी तं गुरुजींलेच पेस्टिंग लावून ठेवलं.”

नवी चिंधी मी दोन दिवस खिशात वागवली. ऑफिसात ओढली, रुमालाबरोबर धुतली, वाळवली, पुन्हा ओढली. ती ताणे आणि जागेवर येई.

दुसऱ्यांदा सदरा घातला तेव्हा आबा खाटेवर बसले होते. डावा हात पहिल्या टिचाकडे गेला आणि सवयीने माझाही. तायडेबाईंनी माझं मनगट धरलं. “तुमी खिशात हात घाला,” म्हणाल्या. सहा टिचं लागायला पाव तास लागला. सुनंदाने ठेवलेल्या चहावर साय धरली. बँकेत पोचलो, तर साहेब म्हणाला, “गुरुजी, कशाला त्रास घेतला? आम्ही आलो असतो घरी.” आबांनी कॉलर नीट केली आणि म्हणाले, “मोकळाच होतो.”

पुढच्या उन्हाळ्यात तायडेबाई गुडघ्यांच्या उपचाराला अकोल्याला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी लेकीला भेटायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, “शेवटी शेवटी आई दवाखान्याच्या चादरीबी वढून पाहे.” शेडखाली आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

यंदाच्या नोव्हेंबरात आबा तोच सदरा घालून निघाले. रंग विटलाय, पट्टी अजून सरळ आहे. ऑटोत उकडलं म्हणून त्यांनी वरची दोन टिचं उघडली होती. बँकेच्या पायरीपाशी ते थांबले आणि डावा हात गळ्याकडे नेला. मागे लोक खोळंबले. दारावरचा शिपाई म्हणाला, “काका, मी लावून देऊ काय?” आबांनी नकाराची मान हलवली. माझा हात निम्म्यापर्यंत गेला होता. तो मी खिशात घातला. धुऊन धुऊन मऊ झालेली चिंधी तिथे होती. मी ती ताणत उभा राहिलो.

पहिलं टिच लागल्याचा आवाज आला. दुसऱ्याला अजून वेळ होता.