सुमनचा डबा हरवेना

बायकोचा डबा हरवावा म्हणून मी तीन दिवस राबलो, पण तो काही हरवेना.

झालं असं. सुमनच्या वर्षश्राद्धाला मी आणि नात पल्लवी बोरीवलीहून मालवणकडच्या आमच्या गावी गेलो. पल्लवी अंधेरीला हापिसात आहे, तोंडाने फटकळ. (आजीवर गेलीय असं मी म्हणतो. आजी नाही आता उत्तर द्यायला.) ती म्हणाली, "आबा, इथं एक डबा लपवूया. जागा फोनवर टाकायची. लांबून माणसं येतात, शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा परत तिथंच ठेवतात."

"नेत नाहीत?"

"नाही."

"मग येतात कशाला? खुळी आहेत?"

"आपलं गाव बघायला, आबा!"

गावात बघायला आहे काय? देवळामागे वीरगळ आहेत, कुठल्याशा लढाईत मेलेल्यांचे कोरीव दगड. कुठली लढाई, ते गुरवालाही ठाऊक नाही. पण पल्लवीने सुमनचा स्टीलचा डबा काढला, वहीच्या पहिल्या पानावर 'सुमनआजीचा डबा' असं लिहिलं, आणि मी तयार झालो. सुमन गेल्यापासून घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं. मीच घेऊ देत नव्हतो. म्हटलं, परकी माणसं तरी वाचतील. कोल्हापूरचं एक जोडपं रविवारी येणार, असंही फोनवर कळलं.

गुरुवारी डबा वीरगळामागे लपवला. संध्याकाळी शेजारची शेवंती दारात हजर!

"भावजीनू, सुमनवयनीचो डबो देवळामागे पडललो. झाकणार नाव आसा म्हणान बरा!"

सुमनने घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरून घेतलेलं. आणि आमच्या गावात नावाचं भांडं सापडलं की ज्याच्या त्याच्या घरी पोचवतात. तेही रिकामं नाही! डबा खोबऱ्याच्या वड्यांनी गच्च भरलेला.

"आणि आतली वही?"

"ती होय? डबो घासताना भिजली. चुलीजवळ सुकत घातलंय."

शुक्रवारी पुन्हा लपवला, गुरवाने आणून दिला. आत प्रसादाचा नारळ, फोडलेला. शनिवारी पहाटे लपवला, दूधवाल्याने चहाच्या आधीच परत केला. आत कुळथाची पिठी! (वहीला अजून वास येतो.)

"प्लॅस्टिकचा ठेव गं बाई."

"आबा, फोटो याच डब्याचा टाकलाय ना!"

मग मी कानस घेतली. म्हटलं, नावच घासून टाकतो. 'सु'वर कानस टेकवली आणि हात चालेना. कानस ठेवली, चपला घातल्या, डबा परत वीरगळामागे लपवून घरोघर फिरलो. "डब्याला हात लावाल तर याद राखा! आणि उद्या पाहुणे आले की तोंड उघडायचं नाही. खेळाची वाट लागेल!" सगळ्यांना ग्रामदेवतेची शपथ घातली.

रविवारी जोडपं आलं. सगळं गाव देवळाच्या पायऱ्यांवर चिडीचूप! पोरगा-पोरगी फोन धरून गरगर फिरतायत. फोन कधी त्यांना तळ्यात नेतो, कधी शेवंतीच्या गोठ्यात. शेवंतीने तोंडात पदर कोंबलेला. पाऊण तास झाला. शेवटी पोरगा बायकोला म्हणाला, "राहू दे ना यार, नाही सापडत. निघूया."

म्हणजे वही कोरीच राहणार!

"निघूया काय, निघूया!" मी ओरडलो. "डावीकडचा तिसरा दगड! मागे हात घाल! अजून खाली! आंधळा आहेस काय रे?"

गावाने टाळ्या पिटल्या. पोरीने डबा उघडला, वहीचं पहिलं पान मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, "परत वाच." तिने परत वाचलं, मग खाली दोघांची नावं लिहिली.

पल्लवी कमरेवर हात ठेवून उभी. "आबा! शपथ घातलीस सगळ्यांना, आणि फोडलंस तूच!"

खरं आहे. डबा लपवला मी, राखला मी, दाखवलाही मीच. त्या बिचाऱ्यांना शोधायला एकच गोष्ट उरली होती, माझी अक्कल. ती काही त्यांनाही सापडली नाही!